मदत हवी आहे: तेजोमेघाचा लाल रंग येतच नाही

माझ्याकडे ८० मिमी व्यासाची, ४८० मिमी नाभीय अंतराची दुर्बीण आणि साधा डीएसएलआर आहे. माउंट (दुर्बिणीची बैठक) विषुववृत्तीय, म्हणजे ताऱ्यांमागे फिरणारा, मोटरवर चालणारा, पण ऑटोगायडर (तारा पाहून माउंटची चूक सुधारणारा छोटा कॅमेरा) नाही. मृगातला एम ४२ हा तेजोमेघ आयएसओ १६०० वर ३० सेकंदांचे ६० फोटो काढून स्टॅक केला, म्हणजे सगळे एकावर एक रचून एक फोटो केला. तेजोमेघाचे पंख छान उमटले, पण ट्रॅपेझियमच्या (मधल्या चार ताऱ्यांच्या पुंजक्याच्या) आसपासचा गाभा पार पांढराफटक! तिथे ५ सेकंदांचे वेगळे फोटो घेऊन जोडावेत, असं वाटतंय. कोणी केलंय का?

खरा त्रास पुढेच आहे. मृगाच्या बाणाजवळचा अश्वशीर्ष तेजोमेघ तासभर टिपला, तर हाती फक्त करडा धूर. हायड्रोजन-अल्फाचा, म्हणजे हायड्रोजन वायूचा ६५६ नॅनोमीटरचा लाल प्रकाश कॅमेऱ्यातलाच फिल्टर बराचसा अडवतो, हे माहीत आहे. तो फिल्टर काढून घ्यावा का? दिवसा याच कॅमेऱ्याने घरचे फोटो काढतो, म्हणून हात धजावत नाही. की एकूण एक्सपोजर चार-पाच तासांवर नेलं तर भागेल?

शिवाय ४५ सेकंदांच्या पुढे तारे लांबट होतात, सगळे एकाच दिशेला. ध्रुवताऱ्याशी जुळवणी चुकतेय की गिअरचा दोष? फोटोतले दोष वजा करायला डार्क (झाकण लावून काढलेले) आणि फ्लॅट (एकसारख्या उजेडाचे) फोटो घेतो, बायसचा (झाकण लावून, कमीत कमी वेळाचे) मात्र कंटाळा करतो.