ड्रायव्हर पगारी ठेवावा की गाडी त्याला ठेक्याने द्यावी?

घाटरस्ता:
दोन-तीन गाड्यांच्या मालकाने पगारी ड्रायव्हरच्या फंदात पडू नये. त्याने मालकाला द्यायची महिन्याची रक्कम ठरवून गाडी त्याच्या हवाली करावी. पगारी माणसाबरोबर प्रत्येक खेपेला डिझेल, टोल, हमाली आणि वाटखर्चीचा हिशेब घालावा लागतो. ठेक्यात भाडं तो शोधतो, मायलेज तो सांभाळतो. करातही पगाराचा फायदा नाही. आयकर कायद्याच्या कलम ४४एईखाली वर्षभरात कधीही दहापेक्षा जास्त मालवाहू गाड्या नसतील तर उत्पन्न ठोक धरतात. १२ टनांवरच्या गाडीला एकूण वजनाच्या प्रत्येक टनाला महिना १,००० रुपये, बाकीच्यांना गाडीमागे महिना ७,५००. आरसीवर २८ टन असेल तर वर्षाचे ३,३६,००० झाले. त्यातून ड्रायव्हरचा पगार, डिझेल, घसारा काहीच वेगळं वजा होत नाही. मग पगारपत्रक ठेवायचं कशासाठी?

ताळेबंद:
पगार वजा होत नाही हे खरं, पण ठेक्यात करच सोपा होतो हे चूक. (कलमांचे क्रमांक १९६१ च्या कायद्यातले आहेत. १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा कायदा लागू झाला, त्यात ते बदललेत.)

गोची टीडीएसची, म्हणजे भाड्यातून आधीच कापल्या जाणाऱ्या कराची होते. ४४एईचं उत्पन्न गाडी ज्याच्या मालकीची त्याच्या नावावर लागतं, गाडी महिनाभर गॅरेजमध्ये उभी असली तरी. २८ तारखेला घेतली तरी तो महिना पूर्ण धरतात. ठेक्यात मात्र भाडं ड्रायव्हरच्या खात्यात जातं आणि ट्रान्सपोर्टर १ टक्का कापतो तो ड्रायव्हरच्या पॅनवर. मालकाच्या २६एएसमध्ये, म्हणजे कापलेल्या कराच्या उताऱ्यात, ती कपात दिसतच नाही. मालकाने स्वतः भाडं घेतलं, पॅन दिला आणि 'दहा किंवा कमी गाड्या' असं लेखी दिलं, तर कलम १९४सी(६) नुसार कपातच होत नाही.

दुसरी अडचण जीएसटीची. ट्रक जीटीएला, म्हणजे बिल्टी (माल नेण्याची पावती) फाडणाऱ्या ट्रान्सपोर्टरला भाड्याने दिला तर जीएसटी माफ. ड्रायव्हरला दिला तर ती माफी नाही. एका गाडीवाल्याला याचा त्रास नाही, कारण सेवेसाठी नोंदणीची मर्यादा वर्षाला २० लाखांची. पण सहा गाड्या महिना ३०,००० ने ठेक्यावर दिल्या तर वर्षाचे २१,६०,००० होतात आणि नोंदणी अटळ ठरते.

घाटरस्ता:
सहा गाड्यांचा मुद्दा मान्य. मग दोन गाड्या पत्नीच्या नावावर घ्याव्यात, मर्यादेत बसतं.

ताळेबंद:
पैसे तुमचे असतील तर आयकरात तिच्या नावावरच्या गाडीचं उत्पन्न कलम ६४ नुसार तुमच्याच उत्पन्नात मिळवतात. आणि गाडी ड्रायव्हरच्या नावावर करून मालकी आपल्याकडे ठेवायचा बेत कुणी करत असेल, तर ती सरळ बेनामी. १९८८ च्या कायद्यात २०१६ ला झालेल्या दुरुस्तीनंतर त्याला एक ते सात वर्षं कैद आहे.

कलमदान:
कर सोडा, अपघात झाला की काय होतं ते बघा. मोटार वाहन कायद्यात साधारणपणे मालक म्हणजे ज्याच्या नावावर नोंदणी तो. ठेक्याचा कागद शंभराच्या स्टॅम्पवर असो की पाचशेच्या, समोरच्या जखमी माणसाचा दावा मालकावर येणारच.

खुद्द ड्रायव्हरच दगावला तर? पगारी असेल तर हिशेब ठरलेला आहे: पगाराचा निम्मा गुणिले वयाचा गुणक. पगार १५,०००, वय ३० असेल तर ७,५०० × २०७.९८, म्हणजे १५,५९,८५०. ही रक्कम विम्यातून येते. महिन्याभरात भरली नाही तर १२ टक्के व्याज, आणि विनाकारण टाळलं तर ५० टक्क्यांपर्यंत दंड. तो दंड विमा कंपनी भरत नाही, मालकाला पडतो. ठेकेदार ड्रायव्हरच्या बाबतीत मात्र विमा कंपनीचं पहिलं वाक्य असतं, 'हा नोकर नव्हताच'. गाडी मागून नेलेला चालक मालकाच्या जागी उभा राहतो, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये म्हटलंय, आणि त्याचाच आधार घेतला जातो. त्याची बायकापोरं वर्षानुवर्षं कोर्टाच्या पायऱ्या झिजवतात. हे मला अजिबात पटत नाही.

ठेक्यातला ड्रायव्हर हप्ता भरून निघावा म्हणून जादा माल भरतो आणि डिझेल वाचवायला उतारावर न्यूट्रल टाकतो. जादा वजनाला २०,००० दंड आणि वर प्रत्येक टनाला २,०००. गाडीत जादा माल आहे हे मालकाला ठाऊक होतं, असं कोर्ट गृहीत धरू शकतं.

घाटरस्ता:
न्यूट्रलचा मुद्दा खरा आहे, घाटात ब्रेक तापून निकामी होतात. पण डिझेलचोरीवर पगारी पद्धतीत उपाय काय?

कलमदान:
पगार बँकेतून, भत्ता किलोमीटरवर. टाकी फुल्ल करून खेप सुरू करायची, परत आल्यावर पुन्हा फुल्ल, किलोमीटर भागिले लिटर. बचतीतला निम्मा वाटा त्याला द्या. नेमणूकपत्र द्या. परवाना सरकारच्या सारथी पोर्टलवर तपासा. ट्रान्सपोर्टचा परवाना पाच वर्षांचाच असतो, संपल्याची तारीख भिंतीवर लिहून ठेवा.

घाटरस्ता:
बचतीचा वाटा भत्त्यात धरून द्यायचा की वेगळा?

कलमदान:
वेगळा, आणि बँकेतूनच. अपघातानंतर नोकरीचा सगळ्यात भक्कम पुरावा म्हणजे पासबुकातली ओळ.