खंडुरींबद्दल थोडी भर

भाजपचे नेते आणि उत्तराखंडचे माजी मुख्यमंत्री खंडुरी यांच्याबद्दल 'फौजी शिस्तीमुळे त्यांना केंद्रात रस्ते खातं मिळालं' असं म्हटलं जातं. नुसती शिस्त नव्हे, मेजर जनरल भुवनचंद्र खंडुरी लष्कराच्या इंजिनिअर्स कोअरमधले होते. १९९१ मध्ये ते गढवालचे खासदार झाले आणि २००० मध्ये वाजपेयींनी त्यांच्याकडे रस्ते वाहतूक दिली. दिल्ली, मुंबई, चेन्नई आणि कोलकाता जोडणाऱ्या ५,८४६ किमीच्या महामार्गांचं, म्हणजे सुवर्ण चतुष्कोनाचं काम त्यांच्या काळात वेगात चाललं. आपला पुणे-सातारा-कोल्हापूर मार्ग त्यातलाच.

राजकारणानं मात्र त्यांना फार कठोर वागवलं. ते उत्तराखंडचे मुख्यमंत्री असताना २००९ च्या लोकसभा निवडणुकीत तिथल्या पाचही जागा भाजपच्या हातून गेल्या आणि त्यांना पद सोडावं लागलं. २०११ मध्ये परत आणलं, तेव्हा त्यांनी मुख्यमंत्र्यांनाही कक्षेत घेणारं लोकायुक्त (भ्रष्टाचाराच्या तक्रारींची चौकशी करणारी राज्यातली यंत्रणा) विधेयक मंजूर करून घेतलं. २०१२ च्या विधानसभा निवडणुकीत भाजपला ३१ जागा, काँग्रेसला ३२. आणि कोटद्वार मतदारसंघात ते स्वतःच पडले!