शेवेचं पाकीट आणि विमानातले ते चौघे: तुमचे अनुभव लिहा

कुणाच्या घरी रिकाम्या हातानं जायचं नाही, ही आपल्या इंदूरच्या मराठी घरांची रीत. पुण्याच्या मावशीकडे निघालो की बॅगेत शेव, मिक्चर, जिरावन आपोआप येऊन बसतं. मग ज्या विमानानं जातो, तिथल्या लोकांसाठी एक पाकीट का नको? मी गेली काही वर्षं लौंग शेवेचं एक सीलबंद पाकीट वेगळं ठेवते आणि आत शिरताना दारातल्या ताईच्या हातात देते. मागे एकीनं ते उलटून तारीख वाचली आणि म्हणाली, "पहाटे चारला घर सोडलंय. दुपारी आम्ही चौघं हेच खाणार."

आपल्याकडे ५० आसनांमागे किमान एक केबिन क्रू असा नियम आहे, म्हणून १८० आसनांच्या विमानात चौघे. पुणं येतं तासा-सव्वातासात. लोक उतरतात, झाडलोट होते, अर्ध्या तासात विमान पुन्हा भरतं, आणि दिवसाला अशा तीन-चार फेऱ्या. चहा-पाणी देणं हे त्यांचं खरं काम नव्हेच. निम्मेच दरवाजे वापरून ९० सेकंदांत अख्खं विमान रिकामं होऊ शकतं, हे दाखवल्याशिवाय विमानाला मान्यता मिळत नाही. वेळ आली तर ते करून दाखवायचं असतं याच चौघांना. त्यांच्याशी आपण कसं वागतो, ते आपल्याशी कसे वागले, हे लिहा. लहानसं असलं तरी चालेल.

सुदामानगर, निवृत्त शिक्षिका
गुडघ्याच्या ऑपरेशननंतर लेकीकडे पहिल्यांदाच एकटी निघाले होते. जागा अगदी पहिल्या रांगेत. विमान खाली यायला लागलं तसे कानाला दडे बसले, ठणका लागला, डोळ्यांत पाणी आलं. उतरताना त्या मुलींनाही पट्टा बांधून बसावं लागतं, उठता येत नाही. पण त्यांची खुर्ची आपल्याकडे तोंड करून असते. समोरच्या मुलीनं माझ्याकडे बघून मोठ्ठा आ केला, जांभई दिल्यासारखा. मग आवंढा गिळून दाखवला. पुन्हा आ. मीही तिच्याबरोबर आ करत राहिले. चाकं टेकेपर्यंत आमचं हेच चालू होतं! कान मोकळे झाले तेव्हा तिनं तिथूनच अंगठा दाखवला. घरच्या नातीनं याहून वेगळं काय केलं असतं?

रामबाग, सध्या बंगळूर
२५ मे २०२० ला देशातली विमानं पुन्हा सुरू झाली, त्यानंतर थोड्याच दिवसांत मी घरी आलो. क्रूच्या अंगावर पांढरे गाऊन, तोंडावर मास्क, वर प्लास्टिकची ढाल. खाणं बंद, फक्त पाण्याची बाटली. कुणी कुणाच्या जवळ जात नव्हतं, त्यामुळे काही द्यायची सोय नाही. मी वहीचं पान फाडून मोठ्या अक्षरात लिहिलं, "आपकी वजह से घर जा रहा हूँ, धन्यवाद", आणि क्रूमधली एक मुलगी जवळून जाताना वर धरलं. ती थांबली, वाचलं, ग्लव्हज घातलेले हात जोडले. मग मागे जाऊन दुसरीला घेऊन आली, तिनंही वाचावं म्हणून.

लोकमान्यनगर
एक गृहस्थ चुटकी वाजवून एअर होस्टेसला बोलावत होते, दोनदा, तीनदा. माझ्या शेजारच्या काकू खणखणीत आवाजात म्हणाल्या, "भैया, नाम लिखा है उनके बिल्ले पर, पढ़ लीजिए." चुटकी बंद. काकूंना नंतर न मागता गरम पाणी आलं.

इंदूरचीच, आता केबिन क्रू
धागा वाचून फार बरं वाटलं. आमच्या बाजूनं थोडं सांगते. पाकीट कंपनीचं, सीलबंद असू द्या. घरचे लाडू तुम्ही प्रेमानं आणता, पण उघड्या डब्यातलं आम्ही खाऊ शकत नाही. दोन्ही वैमानिकांना जेवणसुद्धा सहसा वेगवेगळं देतात, एकाच पदार्थानं दोघांचं पोट एकदम बिघडू नये म्हणून. प्रत्येक कंपनीचा नियम वेगळा, त्यामुळे कुणी नको म्हटलं तर मनाला लावून घेऊ नका. पैसे तर कधीच देऊ नका. दारात गर्दी असेल तर नंतर, खाण्या-पिण्याच्या गाड्या आवरून झाल्यावर द्या.

आणि मनापासून सांगू? शेवेपेक्षाही जास्त उपयोगी पडतं ते पत्र. फ्लाइट नंबर, तारीख, बिल्ल्यावरचं नाव आणि नेमकं काय केलं त्याच्या दोन ओळी, एवढं कंपनीला ईमेल करा. माझ्याबद्दल एका आजोबांनी असं लिहिलं होतं. साहेबांनी ते सगळ्यांसमोर वाचून दाखवलं. त्याचा प्रिंट आईनं देवघराशेजारी लावलाय.

विजयनगर
जुलै २०१९ मध्ये इंदूर-दुबई थेट विमान सुरू झालं, त्याच वर्षी बाबांना घेऊन गेलो होतो. वाटेत त्यांची साखर उतरली, दरदरून घाम सुटला. क्रूनं तत्काळ ज्यूस दिला आणि बरं वाटेपर्यंत एकजण गुडघ्यावर बसून त्यांच्याशी बोलत राहिला. पत्र लिहायचं सुचलं नव्हतं. आता नक्की लिहीन.

अन्नपूर्णा रोड
बुधवारी आई पहिल्यांदा एकटी पुण्याला निघाली आहे. तिला काय सांगून ठेवू?

धागाकर्ती
दादा, चेक-इनलाच सांगा की ज्येष्ठ आहेत आणि एकट्या आहेत. व्हीलचेअर हवी असेल तर आजच कंपनीला कळवा. जागा पुढची, मधल्या वाटेच्या बाजूची घ्या. औषधं हातातल्या पिशवीत. दारातल्या मुलीला आईंनी स्वतः सांगू दे, "पहिल्यांदा एकटी चाललेय." आणि शेव विमानतळाकडे, बिजासनच्या रस्त्याला लागण्याआधी घ्या, विमानतळावर महाग पडते.