मदत हवी आहे: चार तारांचा बास ड्रॉप सीमध्ये लावायचाय, पण जाड तार सैल पडते

चारतारी

नमस्कार मंडळी,

कोथरूडच्या मित्रांचा आमचा बँड आहे. दोन गिटार, ड्रम, गायक आणि बासवर मी. हेवी रॉक वाजवतो, शब्द मराठी. यंदा गायक बदलला. नव्या गड्याचा आवाज चांगला भरदार आहे, पण तो खालच्या पट्टीत खुलतो. त्यामुळे नवी गाणी बांधताना दोन्ही गिटारवाल्यांनी ड्रॉप सी धरलं, म्हणजे नेहमीच्या ट्यूनिंगपेक्षा सगळ्या तारा दोन सेमीटोन (सेमीटोन म्हणजे लगतच्या स्वरांमधलं सगळ्यात लहान अंतर) खाली आणि सगळ्यात जाड तार चार सेमीटोन खाली. सहावी तार सी, मग जी, सी, एफ, ए, डी. गाणी त्या पट्टीत इतकी उठून येतात की आता मागे फिरायची कुणाचीच इच्छा नाही, माझीही नाही.

माझा बास साधा, ३४ इंची स्केलचा. तारा ४५-६५-८५-१०५ (जाडी, इंचाच्या हजारांशात), निकेल राउंडवाउंड. त्याच तारा नेहमीच्या ई-ए-डी-जीवरून उतरवून मी सी-जी-सी-एफ लावले. वरच्या तीन तारा थोड्या मऊ झाल्या, पण चालतात. सगळं घोडं चौथ्या, जाड तारेपाशी अडलंय.

जरा जोरात वाजवली की ती फ्रेटवर (मानेवरच्या धातूच्या पट्ट्यांवर) खळखळते, आणि ते पहिल्या चार-पाच फ्रेटवर जास्त. दुसरं म्हणजे सूर एका जागी राहत नाही. ट्यूनरकडे बघत तार छेडली की काटा आधी सीच्या वर जातो आणि मग हळूहळू खाली येऊन बसतो. एकटा वाजवताना ते खपून जातं, पण दोन गिटारांबरोबर लांब सूर धरला की सुरुवातीलाच सूर भांडतात. तिसरी गोष्ट, वारज्याला आम्ही ज्या जॅमरूममध्ये सराव करतो तिथे हा खालचा सी नुसता घुमतो. कुठला सूर लागला ते कळतच नाही, किक ड्रममध्ये मिसळून जातो. घरी हेडफोनवर मात्र तोच सूर स्वच्छ ऐकू येतो.

कारण मला समजलंय. ई म्हणजे ४१.२ हर्ट्झ, सी म्हणजे ३२.७. तार तीच ठेवली तर ताण कंपनसंख्येच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो, म्हणजे उरतो सुमारे ६३ टक्के. एक तृतीयांशाहून जास्त ताण गेल्यावर तार लोंबणारच.

आता उपायांबद्दल. एका दुकानात थेट पाच तारांचा बास घ्यायला सांगितलं. तेवढे पैसे आत्ता नाहीत, शिवाय चार तारांची मान हाताला इतकी बसलीय की मला ती सोडायची नाही. कुणी म्हणतं बी-ई-ए-डीचा सेट चढव, कुणी म्हणतं पिच खाली नेणारं पेडल घे. एक मित्र म्हणाला, ट्यूनिंगला हातच लावू नकोस, ए तारेच्या तिसऱ्या फ्रेटवर सी आहेच की. पण तो सी ६५.४ हर्ट्झचा, म्हणजे गिटारच्या सहाव्या तारेचाच सूर. मग गाण्याला तळच राहत नाही.

मला विचारायचंय ते असं. कुठल्या जाडीच्या तारा घेऊ? १३०ची तार घेतली तर नट (मानेच्या टोकाची, तारा ज्या खाचांतून जातात ती पट्टी) घासावा लागेल का? आणि जुनी गाणी ई स्टँडर्डमध्ये, म्हणजे नेहमीच्या ट्यूनिंगमध्ये आहेत, ती याच बासवर कशी वाजवायची? दिवाळीनंतर कार्यक्रम आहे, त्याआधी बास पक्का लावून ठेवायचाय.

प्रतिसाद
खर्जातला

आधी बी-ई-ए-डीचं सांगतो, कारण तिथेच बहुतेकांची गल्लत होते. तो सेट म्हणजे पाच तारांच्या सेटमधल्या खालच्या चार तारा, साधारण ६५-८५-१०५-१३०. सी स्टँडर्डसाठी, म्हणजे सी-एफ-बी फ्लॅट-ई फ्लॅट लावायचं असेल तर तो छान. प्रत्येक तार एकच सेमीटोन चढते, ताण १२ टक्के वाढतो. तुम्हाला हवंय ड्रॉप सी. त्यात १०५ची तार ईवरून जीवर न्यावी लागेल, ८५ची एवरून सीवर, ६५ची डीवरून एफवर. तिन्ही तारा तीन-तीन सेमीटोन वर, म्हणजे प्रत्येकीचा ताण ४१ टक्क्यांनी जास्त. बोटं दुखतील ते वेगळंच, मान पुढे ओढली जाईल. तो सेट ड्रॉप सीसाठी नाही.

तुम्हाला साधा पाच तारांचा सेट हवा, ४५-६५-८५-१०५-१३०. त्यातली १०५ बाजूला ठेवायची आणि १३० सीला लावायची. ढोबळ हिशेबानं १३०ची तार सीवर जवळजवळ तेवढाच ताण देते, जेवढा तुमची १०५ ईवर देत होती. वरच्या तिघी ७९ टक्क्यांवर राहतील. त्या तुम्हाला चालतात असं तुम्हीच लिहिलंय. चौघींचा ताण जुळलेला हवा असेल तर वरच्या ५०-७०-९० घ्या. सुट्या तारा मागवाव्या लागतील, पण फरक हाताला लगेच कळतो.

सूर वर जाऊन खाली येतो त्याचं मूळही हेच आहे. तार छेडली की क्षणभर ताणली जाते. मुळात ताण भरपूर असेल तर त्या ताणण्यानं फारसं बिघडत नाही, पण सैल तारेत तेवढंच ताणणं सूर चढवायला पुरतं. १३०वर हे पुष्कळ कमी होईल. शिवाय हात हलका ठेवा आणि ॲम्पचा गेन वाढवा. ड्रॉप ट्यूनिंगमध्ये बोटांनी मारून जोर आणायला गेलं की तळ हमखास बिघडतो. ब्रिजच्या (धडावर तारा जिथे अडकवतात त्या भागाच्या) थोडं जवळ वाजवून पाहा.

दुकानातल्या सल्ल्याबद्दल एवढंच म्हणेन की चार तारांवर खाली उतरून वाजवणं आजचं नाही. ब्लॅक सॅबथच्या टोनी आयोमीच्या दोन बोटांची टोकं १९६५ साली कारखान्यातल्या अपघातात गेली. उतरवलेल्या, मऊ तारा त्याच्या बोटांना सोप्या जायच्या. १९७१पर्यंत बँड तीन सेमीटोन खाली, सी शार्पवर आला होता. बासवर गीझर बटलर, चार तारांवर. पाच तारांचा बास उत्तम वाद्य आहे, पण तुमच्या अडचणीला तो एकच इलाज नाही.

प्रतिसाद
पांढरी एक

मी हार्मोनियमवाला, बास वाजवत नाही, पण हा प्रश्न आमच्याकडेही रोज येतो. मिरजेचे तंबोरे बघा. पुरुष गायकाचा तंबोरा वेगळा, बाईंचा वेगळा. भोपळा लहानमोठा असतोच, पण तारांची जाडीही वेगळी असते. काळी एकला (खालच्या पट्टीला) लावायच्या तंबोऱ्यावर काळी चारच्या (वरच्या पट्टीच्या) तारा चढवून कुणी त्या सैल सोडत नाही. पट्टी ठरली की तिला शोभेल अशी तार निवडायची आणि मग वाद्य जुळवायचं. तुमच्या गायकाची पट्टी एकदा पक्की करून घ्या. त्याला खरंच सी हवाय की डीमध्येही तो मोकळा गातो?

प्रतिसाद
चारतारी

@खर्जातला, मनापासून आभार. बी-ई-ए-डीचा सेट मी मागवण्याच्या बेतात होतो, थांबवला.

@पांढरी एक, चांगला मुद्दा. जुनी ईमधली गाणी तो डीमध्ये आरामात गातो, हे आम्ही सरावात पाहिलंय. नवी गाणी मात्र मुळातच सीवर बांधलेली आहेत. त्यातले रिफ (पुन्हा पुन्हा येणारे वाजवायचे तुकडे) जाड तार मोकळी सोडूनच वाजतात, म्हणून ड्रॉप सी पक्कं.

पेडलचा कुणाला अनुभव आहे का?

प्रतिसाद
मिक्सरमागे

पेडल मी बऱ्याच बँडकडे पाहिलंय. गिटारवर चांगलं चालतं. बासच्या तळाशी मात्र एकेक लहर २४ मिलिसेकंदांची असते, त्यामुळे सूर ओळखून खाली न्यायला पेडलला थोडा वेळ लागतोच. वेगवान रिफमध्ये तो उशीर हाताला जाणवतो आणि सुराची धारही बोथट होते. एखाद्या गाण्यापुरतं ठीक आहे, पण अख्खा कार्यक्रम त्यावर काढू नका.

जॅमरूममध्ये सूर का कळत नाही ते सांगतो. सरावाच्या खोल्यांमधले बहुतेक बास कॉम्बो (ॲम्प आणि स्पीकर एकाच पेटीत) दहा किंवा बारा इंची स्पीकरचे. ३२.७ हर्ट्झ त्यांच्यातून नीट बाहेरच येत नाही. तुम्ही बेस वाढवता, स्पीकर धडपडतो, खोली घुमते आणि सूर हरवतो. ऐकणाऱ्याचा कान खालचा सूर ओळखतो तो बराचसा त्याच्या वरच्या पटींवरून, ६५ आणि ९८ हर्ट्झवरून. म्हणून उलट करा. बेसचं बटण मध्यावर आणा, शक्य असेल तर ३०-३५च्या खालचं हाय-पास फिल्टरनं कापा, आणि ७०० ते ८०० हर्ट्झच्या आसपास मिड थोडा वर घ्या. एकट्यानं वाजवताना तो आवाज नाकात बोलल्यासारखा वाटेल. बँडबरोबर तोच सूर दिसायला लागतो.

आणि गिटारवाल्यांना ८०-१००च्या खालचं सोडायला सांगा. ड्रॉप सीमध्ये गिटार थेट बासच्या जागेत येऊन बसते. याबाबत बासवाल्यानं भिडस्तपणा करू नये, ती जागा त्याची आहे. किक ड्रमशीही एकदा बोलून घ्या. किक ६०च्या आसपास ठोसा देत असेल तर तुम्ही तिथे थोडं कमी करा.

प्रतिसाद
खर्जातला

आता नट. हो, घासावा लागेल. १०५च्या खाचेत १३०ची तार बसत नाही, वरच अडकते. मग पहिल्या दोन-तीन फ्रेटवरचे सूर चढे लागतात. खाच फक्त रुंद करायची, खोल नाही. नट घासायची कानस वेगळी येते. ती नसेल तर गिटार दुरुस्त करणाऱ्याकडून करून घ्या, काम छोटं आहे. खाच एकदा खोल गेली तर नट बदलण्यावाचून इलाज नाही.

तार विकत घेण्याआधी दोन जागा तपासा. ब्रिजच्या भोकातून १३० जाते का, आणि खुंटीच्या फटीत तिचं टोक शिरतं का. काही तारा टोकाला निमुळत्या येतात, त्या सहसा अडत नाहीत. कापताना दोन-तीन वेढे बसतील एवढी लांबी ठेवा, आणि जिथे कापायची तिथे आधी काटकोनात वाकवून मगच कापा. नाहीतर वरचं वेष्टण सुटतं आणि नवी तार मेल्यासारखी वाजते.

पहिल्या पाच फ्रेटवर खळखळ म्हणजे मान जास्त सरळ झालीय, कदाचित मागे गेलीय. ताण घटला की ट्रस रॉड (मानेतली, तिचा बाक सांभाळणारी सळई) जिंकतो. चौथी तार पहिल्या फ्रेटवर दाबा, जिथे मान धडाला मिळते तिथेही दाबा, आणि सातव्या-आठव्या फ्रेटवर तारेखाली किती फट उरते ते बघा. ०.३ मिलिमीटरच्या जवळपास हवी. फटच नसेल तर ट्रस रॉड पाव आटा सैल करा, बहुतेक बासवर घड्याळाच्या उलट दिशेनं. मग एक दिवस थांबा, लाकूड सावकाश हलतं. त्यानंतर सतराव्या फ्रेटवर तारेची उंची बघा. ड्रॉप सीला जाड तार अडीच मिलिमीटरच्या आसपास ठेवली तर हात मोकळा राहतो.

शेवटी इंटोनेशन, म्हणजे वरच्या फ्रेटवरही सूर खरा लागणं. बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तार न दाबता नुसता स्पर्श करून येणारा सूर) आणि तिथेच दाबून येणारा सूर जुळवा. दाबलेला चढा असेल तर सॅडल (ब्रिजवरचा तारेचा सरकता आधार) मागे. १३०ला सॅडल बरंच मागे जातं. जागा संपली तर सॅडलची स्प्रिंग काढून बघा. रोजचं ट्यूनिंगही बाराव्या फ्रेटच्या हार्मोनिकवर करा. मोकळा ३२.७चा सूर पुष्कळ क्लिप ट्यूनरना पकडता येत नाही, ६५.४चा ते लगेच पकडतात.

हे सगळं आत्ता भर पावसात करून दिवाळीपर्यंत तसंच राहील असं धरू नका. लाकूड ओलं असताना मान एका जागी असते, ऑक्टोबरच्या उन्हात दुसरीकडे. नट आणि तारांचं काम आत्ता करा, मानेचं शेवटचं माप पाऊस गेल्यावर.

प्रतिसाद
चारतारी

@मिक्सरमागे, काल रात्री बेस कमी करून आणि मिड वाढवून सराव केला. जुन्याच तारांवर. ड्रमवाल्यानं स्वतःहून सांगितलं की बास आज कळतोय. गिटारवाल्यांशीही बोललो, एकानं लगेच ऐकलं, दुसऱ्याशी बोलणी सुरू आहेत.

पाच तारांचा सेट सांगितलाय. एकच गोष्ट राहिली, जुनी ईमधली गाणी. १३०ची तार त्या गाण्यांपुरती ईवर चढवली तर?

प्रतिसाद
खर्जातला

अजिबात नको. सीवरून ईवर म्हणजे ताण जवळजवळ ५९ टक्क्यांनी वाढणार, आणि गाण्यागणिक तारा वर-खाली केल्या तर मान कधीच स्थिर होणार नाही. दुसरा बास असेल तर तो ईमध्ये लावून बाजूला ठेवा. पण तुम्हीच लिहिलंय की गायक जुनी गाणी डीमध्ये आरामात म्हणतो. मग ती सगळी एक सूर, म्हणजे दोन सेमीटोन, खाली आणा ना. ड्रॉप सीमध्ये वरच्या तीन तारा एका सुरानंच उतरलेल्या असतात, त्यामुळे त्यांच्यावरची बोटं जिथल्या तिथे राहतात. फक्त जाड तारेवर सगळं दोन फ्रेट वर सरकतं, मोकळ्या ईच्या जागी दुसऱ्या फ्रेटवर डी. गिटारवाल्यांचंही गणित हेच.

प्रतिसाद
चारतारी

हे गिटारवाल्यांना आत्ताच फोनवर सांगितलं, दोघेही तयार आहेत. म्हणजे पूर्ण कार्यक्रम एकाच ट्यूनिंगमध्ये. तारा आल्या की नटसाठी बास द्यायचाय. कर्वेनगर, कोथरूड किंवा डेक्कनच्या बाजूला बासचा नट नीट घासून देणारं कुणी माहीत असेल तर कृपया व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.