मेरेडिथ 'खेळाच्या प्रेमाखातर' खेळला म्हणे!

कॉर्नरफ्लॅग
परवा एका सज्जनांची पोस्ट फिरत होती. म्हणे आजचे फुटबॉलपटू पैशाचे गुलाम, आणि शंभर वर्षांपूर्वीचा बिली मेरेडिथ बघा! दातांत काडी धरून, आठवड्याला चार पौंडांत, निव्वळ प्रेमाखातर पन्नाशीपर्यंत राइट विंगवर धावला. खाली नमस्कारांची रांग. गप्प बसावं म्हटलं, जमेना.

काडी खरी आहे. वयही जवळपास खरं, कारण १९२४ मध्ये मँचेस्टर सिटीकडून इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनच्या, म्हणजे एफएच्या, कपची सेमीफायनल खेळला तेव्हा ४९ पूर्ण झाले होते. पण ते चार पौंड प्रेमाचे नव्हते हो. १९०१ पासून त्यापेक्षा जास्त द्यायचेच नाहीत, असा एफएचा नियम होता. १९०४ च्या फायनलला क्रिस्टल पॅलेसवर साठ हजारांवर माणूस. मेरेडिथच्या एकमेव गोलवर सिटीने बोल्टनला हरवलं, क्लबला पहिला कप मिळाला. गेटवर जमलेला पैसा कुणाच्या खिशात गेला? बाराव्या वर्षी कोळशाच्या खाणीत गेलेल्या पोराला हा हिशेब कुणी शिकवायला लागत नाही. तो पैशासाठी खेळला आणि बरोबरच केलं.

निवृत्त_रेफरी
पैशासाठी खेळला हे मान्य. मग १९०५ चं का गाळलंत? सीझनची शेवटची मॅच, समोर ॲस्टन व्हिला, आणि या तुमच्या कामगारनायकाने व्हिलाच्या ॲलेक लीकला मॅच सोडण्यासाठी दहा पौंड देऊ केले. सिटी तरीही ३-२ हरली, ती गंमत वेगळी. लाच देणाऱ्याला आमच्या वेळी लाच देणाराच म्हणत.

कॉर्नरफ्लॅग
रेफरीसाहेब, अर्धीच शिटी वाजवलीत. एफएने एप्रिल १९०६ पर्यंत बंदी घातली. आधी तो नाहीच म्हणत होता. क्लबने हात वर केल्यावर म्हणाला की मॅनेजर टॉम मॅलीने सांगितलं म्हणून केलं. मग चोपड्या उघडल्या. सिटी वर्षानुवर्षं नियमाबाहेर पैसे देत होती! १७ खेळाडूंना, त्यात मेरेडिथही, १ जानेवारी १९०७ पर्यंत बंदी, मॅलीला तर कायमची. नियमच असा की पाळणारा क्लब हरायचा आणि मोडणारा पकडला जायचा.

ड्रॅगन_४८
तुम्ही सगळे त्याला इंग्लिश समजून बोलताय. माणूस चर्कचा, वेल्श. वेल्सकडून ४८ कॅप, म्हणजे आंतरराष्ट्रीय सामने. १९२० मध्ये वयाच्या ४५ व्या वर्षी लंडनच्या हायबरी मैदानावर इंग्लंडला २-१ हरवून आला. एवढंच नोंदवायचं होतं.

गिरणगावचा_बॅक
मला मेरेडिथ फारसा माहीत नाही, पण चार पौंडांवरून आमचे काका आठवले. एका गिरणीच्या टीमचे राइट आउट. सकाळी खात्यात हजेरी, दुपारी कूपरेज. मालक जिंकल्यावर मिठाई वाटायचा. गुडघा गेला आणि महिन्याभरात रात्रपाळी लागली, तीसुद्धा जिने चढायच्या खात्यात. मिठाई कुणाच्या पैशाची होती हे तेव्हा कळलं. खेळाडूला संघटना नसली की हेच होतं.

निवृत्त_रेफरी
पण नोकरी होती ना? प्रोफेशनल म्हणवणारे क्लब बघा. महिंद्रा युनायटेडने २००५-०६ ची भारताची नॅशनल फुटबॉल लीग जिंकली, २०१० मध्ये टीमच बंद! त्यापेक्षा गिरणीचं मस्टर बरं. निदान पेन्शन-ग्रॅच्युइटी तरी.

सुनंदा_परळ
साहेबांना पाठिंबा. आमचे भाऊ कबड्डीमुळे बँकेत लागले, तीन बहिणींची लग्नं त्या पगारावर झाली. संघटना, हक्क वगैरे बोलायला छान वाटतं.

गिरणगावचा_बॅक
ताई, बँक आणि गिरणी एका पंगतीत बसवू नका. ग्रॅच्युइटी? आमच्या चाळीत १९८२ च्या संपानंतर ती वाट बघत किती म्हातारे गेले, या मोजायला!

सुनंदा_परळ
आवाज चढवू नका. संप कुणी केला, तेही सांगा मग. आमच्याही घरी उपाशी राहिलेत लोक.

गिरणगावचा_बॅक
म्हणजे चूक कामगाराची! वा! काकांचा गुडघाही त्यांनी मुद्दाम मोडला असेल.

मँचेस्टरवासी
भांडा खुशाल, पण ज्याच्यावरून धागा आहे त्याने हेच भांडण केलं होतं. २ डिसेंबर १९०७, इंपीरियल हॉटेल, मँचेस्टर, प्लेअर्स युनियनची स्थापना. मेरेडिथ आणि मँचेस्टर युनायटेडचा चार्ली रॉबर्ट्स पुढे. १९०९ च्या उन्हाळ्यात एफएचं फर्मान निघालं की युनियन सोडा, नाहीतर खेळायला मिळणार नाही. बहुतेकांनी सोडली. युनायटेडचे खेळाडू (मेरेडिथही तेव्हा तिथेच) अडून बसले, नाव घेतलं 'आउटकास्ट्स', म्हणजे वाळीत टाकलेले, आणि त्या नावाने फोटोही काढला. सीझन सुरू होता होता एफएला युनियन मान्य करावी लागली. हे खेळाडू तेव्हाचे कपविजेते होते हो, नोकरी जाईल म्हणून घाबरणारे त्यांच्यातही असतील.

आणि बंदी संपली त्याच दिवशी, १ जानेवारी १९०७ ला, मेरेडिथ युनायटेडकडून पहिली मॅच खेळला तीही ॲस्टन व्हिलाशीच. त्याच्या क्रॉसवर सँडी टर्नबुलचा गोल, १-०. लीक प्रकरणाला उत्तर याहून काय देणार?

निवृत्त_रेफरी
टर्नबुलचं नाव काढलंत बरं झालं. १९१५, गुड फ्रायडे, युनायटेड-लिव्हरपूल, २-० ठरवून. टर्नबुलसह सात जणांना जन्मभराची बंदी. तुमचा मेरेडिथही मैदानात होता, आणि म्हणे त्याला काहीच ठाऊक नव्हतं! संशय आला, कारण कुणी बॉलच देत नव्हतं. विंगरला बॉल न मिळणं म्हणजे पुरावा? मग माझ्या निम्म्या मॅचेस फिक्स होत्या.

कॉर्नरफ्लॅग
त्याच्यावर तेव्हा आरोपही झाला नाही. आता तुम्ही कार्ड दाखवणार?

निवृत्त_रेफरी
दाखवतो की. १९०५ चं लाल, १९१५ चं पिवळं. युनियनचं बक्षीस हवं तर द्या. पण आकडा मात्र सांगा: कमाल पगार कधी उठला? १९६१! तुमच्या नायकाच्या मरणानंतर तीन वर्षांनी. लढून त्याला मिळालं काय?

मँचेस्टरवासी
त्याच्या हयातीत फारसं नाही. निवृत्तीनंतर पब चालवला. इथल्या सदर्न सेमेटरीत पुरला, आणि कबरीवर दगड बसायला २००१ उजाडलं. पैसे कुणी दिले माहीत आहे? दोन्ही मँचेस्टर क्लब, वेल्श असोसिएशन, आणि खेळाडूंची तीच युनियन.

निवृत्त_रेफरी
ठीक आहे, दगडाचं मानतो. दहा पौंडांचं नाही.

गिरणगावचा_बॅक
साहेब, ग्रॅच्युइटीचं उत्तर राहिलंय तुमचं.