बांधकाम व्यवस्थापनाची ऑनलाइन पदवी घ्यावी का? मार्गदर्शन हवे आहे

नमस्कार. स्थापत्य अभियांत्रिकीची पदविका पूर्ण करून मी कोल्हापुरात उजळाईवाडीजवळ साइट सुपरवायझर आहे. सकाळी स्लॅबच्या सळ्या तपासायच्या आणि रात्री ठेकेदाराची मोजमापे वहीत उतरवायची, असा दिनक्रम असल्याने नियमित महाविद्यालय शक्य नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२० च्या नियमांनुसार अभियांत्रिकीची पदवी ऑनलाइन देता येत नाही, त्यामुळे बांधकाम व्यवस्थापनातील ऑनलाइन बीबीएच्या जाहिराती (फोनवर रोज येतात!) पाहून शंका वाटते. अशी पदवी आयोगाच्या मान्यता यादीत असली, तरी प्रोजेक्ट इंजिनिअरच्या पदासाठी कंपन्या ती ग्राह्य धरतात का? की नोकरदारांसाठीच्या बी.टेक.ला थेट द्वितीय वर्षात प्रवेश घेणे श्रेयस्कर? दरपृथक्करण (कामाच्या दराची घटकवार फोड) आणि प्रायमाव्हेरा (प्रकल्पाचे वेळापत्रक आखण्याचे सॉफ्टवेअर) कोणत्या अभ्यासक्रमात नीट शिकवतात, हेही अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.