प्रति: सनाची सुतळी आता कशाला?

नायलॉन आल्यापासून सनाचा (तागासारख्या झाडाच्या तंतूचा) धागा खाट आणि पोती शिवण्यापुरताच उरला, असं मूळ पोस्टमध्ये म्हटलंय. दाव्या-दोरखंडांपुरतं खरं आहे, पण नळजोडणी राहिली की! जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी) पाइपाच्या आट्यांवर सन आणि सफेदा (सांध्याला लावायचा पांढरा लेप) आजही टेफलॉन टेपला (आट्यांवर गुंडाळायच्या पातळ पांढऱ्या पट्टीला) भारी पडतो. ओलं झालं की सन फुगतं, त्यामुळे बारीक झिरप बऱ्याचदा आपोआप थांबते. शिवाय तोटी सरळ करायला थोडी उलट फिरवली तरी चालते. टेपवर असं केलं की सांधा गळलाच.

आटे गुळगुळीत असतील तर आधी हॅक्सॉच्या पात्याने खरवडायचे, नाहीतर आवळताना सगळं सन गोळा होऊन बाहेर येतं. पाइपाचं तोंड आपल्याकडे धरून घड्याळाच्या दिशेने, आटे दिसत राहतील इतकं पातळ गुंडाळायचं. तोंडाकडचा पहिला आटा मोकळा, म्हणजे तंतू पाण्यात लोंबत नाहीत. वरून सफेदा. इंदूरात नर्मदेचं पाणी एक दिवसाआड, मधे लाइन रिकामी. अशा वेळी नुसतं सन वाळून आकसतं, म्हणून सफेद्यात कंजुषी नको. सीपीव्हीसी (प्लास्टिकच्या) पाइपाच्या आट्यांना मात्र टेपच. तिथे जाड सन भरलं की सॉकेट तडकतो.